हर्रास ते निविदा : एका जाहिरातीचे वाचन

आमच्याकडे लिलाव होत नसत, हर्रास होई. आठवडी बाजाराच्या तहबाजारीचा हर्रास, तळ्यातल्या मासळीचा हर्रास, कोंडवाड्यातल्या बेवारस जनावरांचा हर्रास. आदल्या दिवशी गावात दवंडी फिरायची आणि दुसऱ्या दिवशी चावडीपुढच्या लिंबाखाली सतरंजी पडायची. सरकारी बोली पुकारून झाली की क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी घसा खाकरून पहिला आकडा टाकी. आकडे चढत जात, थबकत, पुन्हा चढत. 'एक वार, दोन वार' म्हणून झाल्यावर शिपाई 'तीन वार' म्हणण्याआधी मुद्दाम थांबे. ज्यांना बोली लावायची नव्हती, ज्यांच्या खिशात दमडी नव्हती, अशी माणसेही त्या वेळी मान उंच करून पाहत असत. बाजार कोणाकडे गेला, केवढ्याला गेला, कोण कुठल्या आकड्यावर थांबला, हे संध्याकाळपर्यंत बायाबापड्यांनाही ठाऊक असे.

आता नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही स्थानिक दैनिकाचे आतले पान उघडावे. एका कोपऱ्यात बारीक टाइपात 'जाहीर ई-निविदा सूचना' असते. जिल्हा दैनिकांचा संसार ज्या गद्यावर चालतो ते हे गद्य. आपल्या समीक्षेने त्याच्याकडे कधी पाहिलेले नाही. कादंबरीतल्या एका परिच्छेदावर आपण वर्षभर भांडतो. पण ज्या दहा ओळींनी शहरातली मोक्याची जागा तीस वर्षांसाठी कोणाच्या तरी हाती जाते, त्या दहा ओळी कोण वाचतो? ज्याला भरायची आहे तो, आणि ज्याला अडवायची आहे तो. या लेखात मी ती जाहिरात एखाद्या साहित्यकृतीसारखी वाचून पाहणार आहे. कृती सामान्य आहे हे आधीच कबूल करतो.

सुरुवात शब्दांपासून करू. हर्रास हा अरबी 'हर्राज'चा मराठवाडी अवतार. दखनी बोलीतून आणि हैदराबादच्या कारभारातून तो आपल्या तोंडी बसला. उर्वरित महाराष्ट्राचा लिलाव पोर्तुगिजांकडून आला. जुन्या छपाईत तो 'लिलांव' असा अनुस्वारासह दिसतो, तो त्या मूळच्या अनुनासिकाचा ठसा. काम घेणाऱ्याला पुण्या-मुंबईकडे कंत्राटदार म्हणतात, आमच्याकडे गुत्तेदार. गुत्ता तेलुगू-कानडीचा. नांदेडच्या वेशीला निझामाबाद आणि लातूरच्या वेशीला बिदर लागून असल्यावर तो आपल्याकडे यायला पासपोर्ट लागत नव्हता. शिवाय मक्ता आहे, ठेका आहे. एकाच व्यवहाराला इतक्या भाषांतून नावे मिळाली, यावरून तो व्यवहार लोकांच्या किती जवळचा होता ते कळते.

निविदा हा शब्द मात्र लोकांनी घडवलेला नाही. भाषा संचालनालय १९६० साली सुरू झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि राज्यकारभार मराठीत आणण्याच्या त्या खटपटीत अशा संस्कृत शब्दांची एक पलटणच कचेऱ्यांत उतरली. खटपट योग्यच होती. तिची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. 'निविदा'चा धातू तोच, जो 'निवेदना'चा. कळवणे, जाणवून देणे. वैदिक यज्ञात देवतेला उद्देशून म्हणायच्या ठरीव छोट्या वाक्यांना 'निविद्' म्हणत, ही माहिती मला फार उशिरा मिळाली आणि ती मिळाल्यापासून निविदा सूचना वाचताना हसू आवरत नाही. इथेही वाक्ये ठरीव आहेत, आणि देवता कोण ते वाचणाऱ्याला माहीत असते.

विनोद सोडून देऊ. हर्रासाकडून निविदेकडे येताना बदलले काय, तर आवाज गेला आणि लिफाफा आला. आता तर लिफाफाही संगणकावरचा. एक तांत्रिक, एक आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात तुमची लायकी आणि आर्थिक लिफाफ्यात तुमचा आकडा. लायकी ठरल्याशिवाय आकडा उघडायचा नाही. कल्पना उत्तम आहे. चावडीपुढे धटिंगण उभे करून दुसऱ्याला बोलीच लावू न देण्याचे प्रकार आमच्या हर्रासांतही होत. आदल्या रात्री चौघांनी बसून साखळी करायची, उद्या कोणी कुठवर जायचे ते ठरवायचे आणि मागाहून वाटणी करायची, हे तर सर्रास. तेव्हा लिंबाखालच्या त्या सतरंजीच्या आठवणीने मी गहिवरून जावे असे काही नाही. बंद लिफाफ्याने दुर्बळ बोलीदाराला संरक्षण दिले. ई-निविदेने कचेरीच्या दारात उभा राहणारा पहारेकरीही निरुपयोगी केला.

पण साखळीने त्यावरही तोड काढली. पहिल्या वेळी किमान तीन देकार आले पाहिजेत, नाहीतर फेरनिविदा, असा दंडक सगळीकडे पाळला जातो. हेतू स्पर्धेचा. व्यवहारात त्याचा परिणाम असा की घेणारा एक आणि सोबतीला दोन. 'सोबतचे टेंडर' हा शब्दप्रयोग कोणत्याही परिभाषा कोशात नाही, तरी तो न समजणारा एकही गुत्तेदार मला भेटलेला नाही. लिफाफे मोजणे हे नियमाचे काम. त्यांच्या मागची माणसे मोजणे हे कोणाचेच नाही. हर्रासात निदान माणसे दिसत असत.

स्थावर मालमत्ता विकताना पुकारा उघड असावा, हा विचार आपल्याकडे हर्रासाहून कितीतरी जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचे प्रकरण आहे. घर, शेत, तळे विकायचे तर शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष, त्या जागेपाशी उभे राहून, तिच्या सीमा सांगून किंमत पुकारायची. तीन वेळा पुकारून कोणी हरकत घेतली नाही तर खरेदी पक्की. आणि बोली चढत जाऊन किंमत वाढली, तर वाढलेली रक्कम शुल्कासह राजाच्या कोशात जाणार. त्यातल्या दोन अटींकडे मी वाचकांचे लक्ष वेधतो. पुकारा त्या जागेपाशी व्हायचा आणि तिच्या सीमा सांगून व्हायचा. आपल्या जाहिरातीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

आता ती जाहिरातच समोर घेऊ. कोणत्याही एका महापालिकेची म्हणून नव्हे. ठशाने उमटवलेली असते तशीच ती सगळीकडे आहे. 'अमुक ठिकाणी असलेल्या महापालिकेच्या मालकीच्या जागेवर बांधा, वापरा व हस्तांतरित करा तत्त्वावर व्यापारी संकुल विकसित करण्याच्या कामी पात्र विकासकांकडून देकार मागविण्यात येत आहेत.' वाक्य लांब आहे आणि त्याला कर्ता नाही. देकार मागवण्यात येत आहेत. पण मागवतो कोण? क्रियापद 'विकसित करणे'. जागा देतो, भाड्याने देतो, वापरू देतो, यातले एकही क्रियापद नाही. विकणे आणि विकास या शब्दांचे व्युत्पत्तीने काहीही नाते लागत नाही. व्यवहाराने कधी कधी लागते. मग संकेतस्थळाचा पत्ता, कोऱ्या निविदेची किंमत, बयाना रक्कम, तारीख, वेळ. हे सगळे चोख असते. बयान्याच्या आकड्यात एका रुपयाची चूक सापडणार नाही. जागेचे क्षेत्रफळ मात्र बहुधा आतल्या कागदपत्रांत ढकललेले असते. तिचे बाजारमूल्य किती, विकास आराखड्यात तिच्यावर कसले आरक्षण आहे, आज तिथे कोण बसते, बांधून झाल्यावर महापालिकेच्या वाट्याला किती गाळे येणार आणि ते कोणत्या मजल्यावर, याचा पत्ता दहा ओळींत नसतो.

आणि शेवटी ते सुप्रसिद्ध वाक्य : कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार मा. आयुक्त यांनी राखून ठेवला आहे. साऱ्या जाहिरातीत कर्ता मिळालेले हे एकमेव वाक्य. हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले असेल. ते खोटे आहे हे कळायला मात्र मला कायद्याची पुस्तके चाळावी लागली.

ते खोटे कसे, हे सांगायला मुंबईच्या विमानतळावर जावे लागते. सांताक्रूझला विमानतळ प्राधिकरणाला एक उपाहारगृह आणि दोन फराळाची दुकाने चालवायला द्यायची होती. सूचनेत लिहिले होते की किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालकांनी निविदा भराव्यात. ज्याला काम मिळाले तो त्या वर्णनात बसत नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७९ साली रमण दयाराम शेट्टी खटल्याचा निकाल लागला. प्राधिकरणाचे म्हणणे थोडक्यात असे होते की ते शब्द म्हणजे अट नव्हे, नुसती माहिती. न्यायमूर्ती भगवती यांनी ते मानले नाही. जो निकष तुम्ही स्वतः लिहून प्रसिद्ध केलात त्याने तुम्ही बांधले गेलात. शासन हे खासगी मालकासारखे मनास येईल त्याला काम देऊ शकत नाही, असे त्यांनी सांगितले. मराठीच्या वर्गात आम्ही ज्याला शब्दाशी इमान राखणे म्हणतो तेच हे. गंमत अशी की शेट्टींची याचिका मात्र फेटाळली गेली. ते उशिरा आले होते, दरम्यान घेणाऱ्याने खर्च करून टाकला होता, आणि शेट्टींचा स्वतःचा त्यात खरा रस नव्हता. तत्त्व जिंकले, तत्त्व सांगणारा हरला. आजही निविदेच्या वादात हेच होते. कोर्टाची तारीख लागेपर्यंत पाया खणलेला असतो.

तेव्हा कारण न देण्याचा अधिकार कोणी कितीही राखून ठेवला, तरी कारण असावेच लागते. ते कागदावर नसेल तर न्यायालय मागते. मग ते वाक्य जाहिरातीत कशासाठी? भरणाऱ्याला दबकवण्यासाठी. दुसरा उपयोग मला दिसत नाही.

कायद्याकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ साली झाली आणि लातूरची २०११ साली. त्याआधी दोन्ही गावे नगरपालिका कायद्याखाली. तो १९६५ चा, आणि त्यानेच आपल्याकडचा १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा मोडीत काढला. १९६५ च्या कायद्याचे कलम ९२ मालमत्तेच्या बाबतीत सासुरवाशिणीच्या सासूसारखे कडक आहे. शासनाच्या मंजुरीशिवाय स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची नाही. भाड्याने द्यायची तर एका वेळी तीन वर्षे, वाढवून वाढवून एकूण नऊ, आणि घेणाऱ्याने त्यावर पक्के बांधकाम करायचे नाही. महापालिका झाली की हीच जागा १९४९ च्या कायद्याखाली येते. तिथे कलम ७९. सर्वसाधारण सभेची मंजुरी घेऊन आयुक्त जागा विकू शकतो, भाडेपट्ट्याने देऊ शकतो. एकच बंधन, मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी नसावा. लातूरच्या एखाद्या गाळ्याचा विचार करा. ऑक्टोबर २०११ मध्ये एका सकाळी तो उठला तेव्हा त्याचा कायदाच बदललेला होता. त्याचे छत तेच, गळती तीच.

निविदेचा नियम वेगळ्या ठिकाणी आहे. तो कायद्याच्या अनुसूचीत, कामाच्या आणि साहित्याच्या खरेदीच्या संदर्भात सांगितलेला. ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्चाचे काम असेल तर करार करण्याच्या किमान सात दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रांत सूचना द्यावी. आलेल्यांपैकी सर्व परिस्थिती पाहता जी सर्वांत फायद्याची ती स्थायी समितीच्या संमतीने स्वीकारावी. निविदा न मागवता काम द्यायचे असेल तर स्थायी समितीने कारणे नोंदवून तशी परवानगी द्यावी. कारणे नोंदवून, हे शब्द कायद्यात आहेत. कारण न देता, हे जाहिरातीत. दोन्ही एकाच कचेरीतून निघतात.

आता मेख. अनुसूचीतला नियम महापालिका खर्च करते तेव्हाचा. कलम ७९ महापालिका देते तेव्हाचे. खर्चाच्या कामात सर्वांत कमी आकड्याकडे पाहायचे, देण्याच्या व्यवहारात सर्वांत जास्त आकड्याकडे. 'विकासक' जेव्हा महापालिकेच्या जागेवर स्वतःच्या पैशाने संकुल बांधतो, त्यातले काही गाळे महापालिकेला देतो आणि उरलेले स्वतः तीस वर्षे वापरतो किंवा अनामत घेऊन दुसऱ्याला देतो, तेव्हा महापालिका खर्च करते की देते? हिशेबाच्या वहीत खर्चाच्या बाजूला शून्य असते, म्हणून तो खर्च नव्हे. विक्रीखत होत नाही, म्हणून ती विक्री नव्हे. दोन नियमांच्या मधल्या बोळातून अख्खे संकुल निघून जाते. देकार तरी कशाचा तुलायचा? एकाने अधिमूल्य जास्त दिले, दुसऱ्याने गाळे जास्त दिले, तिसऱ्याने वर्षे कमी मागितली. तिन्ही एका तराजूत कसे घालायचे ते आधी छापलेले नसेल, तर 'सर्वांत फायद्याची' हे विशेषण कोणालाही लावता येते.

या बोळाचा सर्वांत बोलका नमुना लखनौचा आहे. अमीनाबादच्या गजबजाटात झंडेवाला पार्क नावाची जुनी बाग. नगर महापालिकेने १९९३ साली तिच्याखाली भुयारी बाजार बांधण्याचे काम एका बिल्डरला दिले. निविदा नाही, जागेच्या किमतीचा हिशेब नाही, प्रकल्प अहवाल नाही. उच्च न्यायालयाने करार रद्द केला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करून बांधलेले पाडायला आणि बाग पूर्ववत करायला सांगितले. बांधून झालेले पाडू नका, पैसा वाया जाईल, हा युक्तिवाद तिथे चालला नाही. मला त्या निकालात विशेष वाटते ते असे की न्यायालयाने बागेखालच्या पोकळीलाही किंमत असते हे मानले. आपल्या महापालिकांना अजून बागेची किंमत लावता येत नाही.

घरचा नमुना जळगावचा. तिथल्या घरकुल योजनेत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हजारो घरांचे काम एका बांधकाम संस्थेला गेले. घरे झाली फार थोडी. महापालिका झाल्यावर २००६ साली आयुक्तांनी स्वतः तक्रार नोंदवली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरले. त्यावर उच्च न्यायालयात अपिले झाली. दोषी धरलेल्यांत नगरसेवकांची संख्या मोठी होती हे इथे महत्त्वाचे. सभेत विषय वाचला जातो, 'मंजूर' असा आवाज येतो, हात वर होतात. त्या हाताला पुढे जाब द्यावा लागतो हे जळगावने दाखवले.

मराठवाड्यातला अनुभव इतका नाट्यमय नाही, रेंगाळलेला आहे. संभाजीनगरात औरंगपुऱ्याची भाजी मंडई बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीवर द्यायची ठरली आणि वर्षानुवर्षे रखडली. मंडईचे काम रखडते तेव्हा मंडई बंद पडत नाही. ती रस्त्यावर येते. कोथिंबिरीच्या जुड्या गटाराच्या काठावर मांडल्या जातात.

लातूरकडे मात्र या विषयाचे एक जुने, चांगले उदाहरण आहे, ते म्हणजे गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावर १९१७ साली उभी राहिलेली ती दुमजली गोल वास्तू, मधोमध अंबाबाईचे देऊळ, आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा एका बाजूला, चपलांची दुकाने दुसऱ्या, तिसरीकडे मिरची. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बाजाराची जागा आखताना आधी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा विचार केला आणि मग दुकानांचा. आजच्या निविदेतल्या व्यापारी संकुलाचा आराखडा पाहा. दर्शनी गाळे विकासकाचे, मागचे आणि तळघरातले महापालिकेचे, जिना मधोमध अंधारात. महापालिकेच्या वाट्याचे गाळे मग रिकामे राहतात आणि त्यांत निवडणुकीच्या मतपेट्या ठेवतात. आकड्यांत दोन्ही वाटे समान दिसतात. चालत जाऊन पाहिले की फरक कळतो.

बाजारमूल्य या शब्दाचेही असेच. कायद्यातला तो सर्वांत सज्जन शब्द. पण गाळ्याचे बाजारमूल्य कोणाचे? नोंदणी खात्याच्या वार्षिक दरतक्त्यातले, की त्या गाळ्याला बाहेर प्रत्यक्ष मिळणाऱ्या पागडीचे? २०१९ साली शासनाने महापालिकांच्या भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाचे नियम आणले आणि भाडे बाजारमूल्याच्या आठ टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा राज्यभरच्या गाळेधारकांत हलकल्लोळ उडाला; २०२३ साली नियम बदलून ते प्रमाण पुष्कळ खाली आणावे लागले. दोन्ही बाजूंचे खरे होते. चाळीस वर्षे पन्नास-शंभर रुपये भाडे भरून, गाळा दुसऱ्याला पोटभाड्याने देऊन त्यावर जगणारे होते; आणि त्याच ओळीत सकाळी आठला शटर वर करून रात्री दहाला खाली ओढणारा, तीन पिढ्यांचा शिंपीही होता. नियमाला दोघे एकच, 'गाळेधारक'. उघड लिलाव करा म्हटले की पोटभाडे खाणारा हटेल हे खरे, पण शिंपीही हटेल. निविदेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही गोष्ट टाळून पुढे जाऊ नये. सर्वोच्च बोली ही नेहमीच सर्वांत न्याय्य बोली असते असे मला वाटत नाही. मात्र ज्याला सवलत द्यायची त्याला नाव घेऊन, कारण सांगून, सर्वांसमक्ष द्यावी. शिंप्याच्या पाठीमागे लपून बिल्डरने सवलत घेऊ नये.

ज्याच्यासाठी काम त्याला विचारल्याने काय होते, हे लातूर जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतली बावन्न गावे नव्या जागी वसवली. तिथली घरे गुत्तेदारांनी आणि संस्थांनी बांधली. त्यांहून कितीतरी अधिक गावांत घरमालकाला हप्त्याहप्त्याने मदत देऊन त्याचे घर त्यानेच दुरुस्त करायचे किंवा बांधायचे ठरले. दुसऱ्या प्रकारच्या गावांत आजही फिरताना एक घर दुसऱ्यासारखे नसते. पहिल्या प्रकारच्या गावांत रस्ते सरळ आहेत, वाडे नाहीत, आणि लोकांनी पुढच्या मोकळ्या जागेत पत्र्याचे छप्पर टाकून आपापली ओसरी परत मिळवलेली आहे. ही ओसरी कोणत्याही निविदेत नव्हती.

इतके लिहिल्यावर जोतीराव फुल्यांची आठवण येणे अटळ आहे. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. गुत्तेदारीतले खाचखळगे त्यांना आतून माहीत होते. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेत होते, आणि नव्या मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर घाला, असे म्हणून त्यांनी विरोध केला. मंडई तरीही झाली आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. त्यांचा विरोध बरोबर होता की चूक, यावर वाद घालता येईल. महत्त्वाचे हे की सभागृहात बसलेला एक माणूस, जो स्वतः कंत्राटदार होता, त्याने उठून 'हे बांधायचे कशाला' असे विचारले. आपल्या जाहिरातीत तो प्रश्न विचारायला जागा नाही. ती सुरू होते तेव्हा बांधायचे ठरून गेलेले असते.

आणि मध्यंतरी काही वर्षे सभागृहही नव्हते. लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ साली संपली, तेव्हापासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. कलम ७९ म्हणते, आयुक्ताने सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी. अनुसूची म्हणते, स्थायी समितीची संमती घ्यावी. प्रशासक काळात आयुक्त, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या तिघांची खुर्ची एकच. सकाळी प्रस्ताव सादर करणारे आणि दुपारी तो मान्य करणारे एकच हस्ताक्षर. व्यक्ती सचोटीची असेल. दोन्ही शहरांना तसे अधिकारी लाभलेले आहेत. परंतु कायद्याने तिथे दोन माणसे बसवली होती ती एकाने दुसऱ्याला 'का?' असे विचारावे म्हणून. स्वतःला 'का?' विचारणे हे संतांचे काम, आणि संतांना कोणी आयुक्त नेमत नाही. नगरसेवक असताना तरी ते विचारत होते का, असे कोणी म्हणेल. जळगावचे उदाहरण वर दिलेच आहे. पण नगरसेवकाच्या दारात जाऊन शिव्या तरी देता येत होत्या.

टीका करणाऱ्याने स्वतः लिहून दाखवावे, असा आमच्या एका मास्तरांचा आग्रह असे. म्हणून मी एका कल्पित जागेची जाहिरात मराठीत लिहून पाहिली. ती साधारण अशी :

'आम्ही, या शहराची महापालिका, जुन्या भाजी मंडईची जागा तीस वर्षांसाठी वापरायला देणार आहोत. जागा इतकी गुंठे आहे. पूर्वेला शाळा, पश्चिमेला नाला, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला दर्गा. विकास आराखड्यात तिच्यावर मंडईचे आरक्षण आहे आणि ते तसेच राहील. तिचे आजचे बाजारमूल्य आम्ही इतके काढले आहे आणि ते कसे काढले तो कागद सोबत जोडला आहे. आज तिथे इतके भाजीवाले बसतात. त्यांची नावे फलकावर लावली आहेत. त्यांना रस्त्यालगतच्या मजल्यावरच ओटे दिले पाहिजेत. बांधणाऱ्याने आम्हाला किती गाळे, कोणत्या मजल्यावर आणि दरवर्षी किती रक्कम द्यायची, याला आम्ही असे गुण देऊ. सर्व देकार अमुक दिवशी मंडईतच, लोकांसमोर, वाचून दाखवू. ज्याचा देकार नाकारू त्याला का नाकारला ते आठ दिवसांत लिहून कळवू.'

भाषा म्हणून यात काही विशेष नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, चतुःसीमा आहे. संपादकांच्या जाहिरात विभागाला विचारले तर ते म्हणतील की ओळी वाढल्या, दर वाढेल.

हा मसुदा मी ओळखीच्या एका गुत्तेदाराला वाचून दाखवला. वीस-बावीस वर्षे नाल्या-रस्त्यांची कामे घेणारा माणूस. दहावी नापास, पण कोणत्या जाहिरातीत काय दडले आहे ते तो तारखेवरून ओळखतो. त्याने चष्मा लावून कागद स्वतः पुन्हा एकदा वाचला. चतुःसीमेपाशी थांबून बोट फिरवले. मग घडी करून माझ्या हातात देत म्हणाला, "सर, चांगलं लिव्हलंय. पर समदं ह्याच्यातच लिव्हल्यावर ऑफिसात भेटायला कशासाठी बोलावतील?"